डब्यातला जोंधळा

मुक्ताई सातव्या मजल्यावर राहायच्या, पण मनाने त्या अजून जमिनीवरच होत्या. वाघोलीतली ती बारा मजली इमारत त्यांच्याच वावरात उभी होती. बिल्डरने तिला कुठल्याशा परदेशी फुलाचं नाव दिलं होतं. ते फूल वाघोलीत कुणी पाहिलेलं नव्हतं, बिल्डरनेही पाहिलं असेल असं वाटत नाही. मुक्ताईंना त्या नावाशी काही देणंघेणं नव्हतं. लिफ्टने खाली उतरून पार्किंगमधून चालायला लागल्या की पायाखाली वावराचा कुठला तुकडा आहे ते त्यांना बरोबर कळायचं. ती पांढरी गाडी उभी असते तिथे बांध होता, बांधावर बोर. जिन्याच्या तोंडाशी खळं. वॉचमनच्या खुर्चीपाशी बैल बांधायचे. एकदा त्यांनी वॉचमनला तसं सांगितलं, तेव्हापासून तो बिचारा खुर्ची हातभर सरकवून बसायला लागला.

इमारतीच्या मागे मात्र बिल्डरचं काही चाललं नव्हतं. तिथे पूर्वी विहीर होती. विहीर बुजवता येते, पण बुजवलेल्या विहिरीवर बारा मजले चढवता येत नाहीत, असं इंजिनिअरने सांगितलं आणि तो तुकडा तसाच राहिला. तो साईनाथने मागून घेतला. साईनाथ हा मुक्ताईंचा एकुलता एक मुलगा. खराडीच्या कंपनीत वर्षानुवर्षं कॉम्प्युटरसमोर बसून त्याची मान आखडली होती. एक दिवस त्याने नोकरी सोडली, लग्न केलं, आणि बायकोला बरोबर घेऊन बिअर बनवायला लागला. जिथे पूर्वी मोटेचे बैल पुढे-मागे चालायचे तिथे त्याने लांबट शेड घातली, आत चकचकीत टाक्या बसवल्या. बुजलेल्या विहिरीवर मऊ हिरवळ लावून तिच्यावर टेबलं मांडली आणि नाव ठेवलं 'मोट'.

भावकीत चर्चा झालीच. मुक्ताईचं पोरगं दारू गाळतंय म्हणून एका चुलत दिराने लग्नाच्या पंगतीत टोमणा मारला. मुक्ताईंनी वाटीतली आमटी संपवली आणि म्हणाल्या, "गाळत न्हाई, शिजवतंय. आन् परवाना काढून शिजवतंय. तुमच्यावानी उसात लपून न्हाई." त्यानंतर भावकीने तो विषय त्यांच्यासमोर काढला नाही.

टाक्यांचा कारभार राजनंदिनीकडे होता. मुक्ताईंची ही सून नारायण पेठेतली, सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली. बोलणं मोजकं आणि कापून काढणारं. पुरंदरचे अंजीर, मुळशीचा आंबेमोहोर, चिंच आणि गूळ, असलं काहीबाही घालून ती बिअर करायची आणि लोक हडपसरहून, कोथरूडहून प्यायला यायचे. सीताफळाची एकदा केली होती. ती अंगाच्या साबणासारखी लागली. साईनाथ म्हणाला, हा प्रयोग होता. राजनंदिनी म्हणाली, "घाण झाली आहे," आणि अख्खी टाकी सोडून दिली. मुक्ताईंना सून आवडायला लागली ती त्या दिवसापासून.

रोज दुपारी, गिऱ्हाईक यायच्या आधी, मुक्ताई शेडमध्ये येऊन चिंचोके काढत बसायच्या. बिअरचा थेंब त्यांनी कधी तोंडात घातला नव्हता. पण टाकीत धान्य शिजायला लागलं की तो गोड, दाट वास शेडभर पसरायचा आणि त्यांना सुगीचे दिवस आठवायचे. मग त्यांचे हात चिंचेवर थांबायचे. सून ते बघायची आणि काही विचारायची नाही.

गेल्या हिवाळ्यात साईनाथच्या मनात आलं की हुरड्याची बिअर करायची. शिरूरकडून कोवळी कणसं आणली. अंगणात खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवली, कणसं भाजली, चोळून दाणे काढले आणि ते टाकीत घातले. गिऱ्हाइकांनी वाहवा केली, पेल्यांचे फोटो काढले. साईनाथने एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"आबांच्या हुरड्याची चव नाही आली," तो म्हणाला.

"तुझ्या आबांचा हुरडा मी कधी खाल्लेला नाही," राजनंदिनी म्हणाली. "मी या घरात यायच्या आधीच आबाही गेले आणि वावरही गेलं. जी चव मला माहीतच नाही ती मी आणू कुठून?"

चिंचेच्या ढिगामागे बसलेल्या मुक्ताईंनी हे ऐकलं. त्यांना ती चव माहीत होती. आणि ती कुठे आहे, तेही फक्त त्यांनाच माहीत होतं.

साईनाथचे आबा, म्हणजे मुक्ताईंचे यजमान रंगनाथ. त्यांचा जोंधळा गुळभेंडी जातीचा. ही जात बाजारातही मिळते, पण त्यांची बाजारासारखी राहिलेली नव्हती. दरवर्षी दाणे भरायला लागले की ते पहाटे वावरात फिरायचे आणि मनात भरलेल्या कणसाला लाल सुताचा दोरा बांधायचे. दोरा बांधलेल्या कणसाला कुणी हात लावायचा नाही, मग तो जावई का असेना. तेच पुढच्या वर्षीचं बी. त्यांच्या वडिलांनी तसंच केलं होतं, आणि त्यांच्याही वडिलांनी. इतक्या पिढ्यांनी निवडून निवडून तो दाणा असा झाला होता की भाजल्यावर बोटांना चिकटायचा आणि नुसता खाल्ला तरी गूळ लावल्यासारखा लागायचा. पेरणीला रंगनाथ बैल हाकायचे आणि पाभरीच्या चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर, मूठ मुक्ताईंची. मुठीतून दाणे एकसारखे सुटले पाहिजेत, मध्येच मूठ रिकामी झाली की पुढे तेवढी जागा नांगी, म्हणजे मोकळी, राहते. मुक्ताईंनी पेरलेल्या तासात अशी जागा सापडली तर दाखवा, असं रंगनाथ चारचौघांत म्हणायचे. तोंडावर मात्र कधी म्हणाले नाहीत.

पौषात हुरडा यायचा. नगर रस्त्यावरून जाणारा कुणीही असो, रंगनाथ त्याला हाक मारून आत घ्यायचे. एकदा बांधाजवळ ट्रक बंद पडला, तर पंजाबी ड्रायव्हर दोन दिवस हुरडा खाऊन राहिला आणि जाताना रडला. कुणी खिशात हात घातला की रंगनाथ चिडायचे. हुरडा विकायचा नसतो, खाऊ घालायचा असतो, हे त्यांचं म्हणणं. आणि कितीही माणसं जमलेली असली तरी आगटीतलं पहिलं कणीस ते स्वतः तळहातावर चोळायचे, फुंकर मारून फोलपटं उडवायचे आणि ती पहिली मूठ मुक्ताईंच्या हातावर ओतायचे. तिथे सासू असो, गावचे पाहुणे असोत, लाज त्यांना नव्हती. लाजायचं काम मुक्ताईंकडे होतं.

वावराची मोजणी झाली त्याच वर्षी रंगनाथ गेले. सकाळी चहा मागितला, तो येईपर्यंत थांबले नाहीत. दोरा बांधलेली शेवटची कणसं तेव्हा घरात टांगलेली होती. दिवसकार्य झाल्यावर मुक्ताईंनी ती झोडपली, दाण्यांना चुलीची राख चोळली, कडुलिंबाचा पाला घातला आणि सगळं पत्र्याच्या डब्यात भरलं. सातव्या मजल्यावर आल्या तेव्हा बाकी सगळं टेम्पोने आलं. डबा त्यांनी मांडीवर घेऊन आणला. साईनाथला वाटलं आत पापड असतील.

डबा स्वयंपाकघरातल्या लॉफ्टवर गेला. दरवर्षी हस्त लागला, पेरणीचे दिवस आले, की घरात कुणी नसताना मुक्ताई तो खाली काढायच्या. मनगटापर्यंत हात आत घालायच्या, थंडगार दाणे बोटांतून सोडायच्या आणि झाकण लावून टाकायच्या. बी जिवंत आहे का हे बघायला काही लागत नाही. मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधले की दोन दिवसांत कळतं. हे त्यांनी आयुष्यभर केलेलं होतं. पण या डब्यातली मूठ भिजवायची त्यांची छाती होत नव्हती. नवरात्रात घट बसवताना परडीतल्या मातीत धान्य पेरतात, तिथेही त्या वाण्याकडचं आणून पेरायच्या. घरात बी असताना बाजारचं पेरावं लागतंय, याची त्यांना दर वर्षी शरम वाटायची. पण डब्यातलं पेरलं आणि उगवलंच नाही तर? न पेरलेला रंगनाथांचा जोंधळा डब्यात जिवंत होता. तेवढं त्यांना पुरत होतं, किंवा पुरतंय असं त्या स्वतःला सांगत होत्या.

या वर्षी घटात गहू टरारून आला आणि जोंधळ्याने दगा दिला. दसऱ्याला घट उठवताना राजनंदिनी शेजारी उभी होती.

"बाजारातली ज्वारी मलाही उगवून दाखवत नाही, आई," ती म्हणाली. "तीन दुकानांची झाली. या वर्षी मला हुरड्याच्या बिअरसाठी ज्वारीचंच माल्ट करायचं आहे. आधी मोड आणायचे, मग गरम हवेत वाळवून ते मारायचे. पण मोड आले तर मारणार ना."

"नाचणीचं सत्त्व करतो, तसं?"

"अगदी तसंच."

त्या दुपारी मुक्ताई जेवल्या नाहीत. पलंगावर बसून लॉफ्टकडे बघत राहिल्या. वावर नाही, बैल नाहीत, पाभर तर एका हॉटेलवाल्याने शोभेला नेली. बी ठेवायचं ते कुणासाठी? आणि उगवतंय का हे दुसऱ्या कुणी बघितलं, तर आपल्याला बघावं लागणार नाही. मेलेलं निघालं तर सुनेच्या लेखी एक जुनं धान्य वाया गेलं, एवढंच. कुणाला कळायचंही कारण नाही. हा विचार त्यांना एकदम पटला, आणि पटल्याबरोबर त्या स्टुलावर चढल्या, कारण थांबल्या असत्या तर पुन्हा पटला नसता.

शेडमध्ये जाऊन त्यांनी डबा टेबलावर ठेवला. "जुना जोंधळा हाय. पडून व्हता. उगवतोय का बघ," म्हणाल्या आणि सुनेने तोंडाकडे बघायच्या आत मागे फिरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या खाली आल्या. भिजवलेली मूठ बघायची आणि उरलेला डबा परत न्यायचा, असं त्यांच्या मनात होतं. नळापाशी डबा पालथा घातलेला दिसला. धुऊन, घासून, लख्ख.

"सगळी भिजत घातली," आतून राजनंदिनी म्हणाली. "राख निघायला चार पाणी लागली. दाणा काय सुंदर आहे, आई!"

मुक्ताई नळापाशीच उभ्या राहिल्या. यात सुनेची चूक नव्हती. शेतकरी उगवण बघतो ती मूठभर दाण्यांची, उरलेलं बी जपून ठेवतो. बिअर करणाऱ्याला मूठभर धान्याचं करायचं काय? त्याला सगळंच भिजवायचं असतं. "उगवतोय का बघ" एवढं सांगून सबंध डबा हातात देणारं माणूस चुकलं होतं, आणि ते माणूस त्या स्वतः होत्या. चाळीस वर्षं मूठ सांभाळली आणि आता सगळी एकदम सोडली.

"बरं," त्या म्हणाल्या आणि बाहेर हिरवळीवर जाऊन बसल्या. खाली विहीर होती. त्यांना वाटलं, बुजली नसती तर बरं झालं असतं.

भिजलेला जोंधळा निथळून गार खोलीत ओल्या गोणपाटावर पसरला गेला. राजनंदिनी दिवसातून कितीदा तरी तो हाताने खालीवर करायची, पाणी शिंपडायची. मुक्ताई रोज यायच्या, चिंचेपाशी बसायच्या आणि त्या खोलीच्या दाराकडे पाठ करून बसायच्या. मेलेलं निघालं तर बरं, असं एकदा त्यांच्या मनात आलं. आल्याबरोबर त्यांनी स्वतःच्या तोंडात मारून घेतली. खरोखरच मारली, साईनाथला वाटलं डास चावला.

मग एका दुपारी सुनेने हाक मारली. "आई, या. बघा तरी."

गोणपाटावर दाण्यांच्या टोकाला पांढरा कोंभ फुटला होता. सगळ्यांना नाही, निम्म्याशिम्म्यांना. पण फुटला होता. मुक्ताई खाली बसल्या आणि त्यांनी एक दाणा उचलून डोळ्यांजवळ नेला. इतकी वर्षं जी भीती त्यांनी डब्याबरोबर लॉफ्टवर चढवली होती ती खोटी होती. त्यांना इतका आनंद झाला की तो दाणा परत ठेवायचंच त्या विसरल्या.

"उद्या सकाळी वाळवायला घेते," राजनंदिनी म्हणाली. "आणखी वाढू दिले तर दाण्यातला सगळा गोडवा कोंभच खाऊन टाकतील."

मुक्ताईंनी मान डोलावली. काय सांगणार? डबा आपणच दिला, तोही खोटं सांगून. पेरायला जागा नाही. साईला कळलं तर तो सगळं काम थांबवून बसेल, आणि कोंभ फुटलेलं बी परत डब्यात भरता येत नाही. एकदा फुटलं की त्याला माती तरी हवी नाहीतर भट्टी. तिसरी वाट नव्हती.

सकाळी राजनंदिनीने पहिला ट्रे उचलला तेव्हा दारात मुक्ताई उभ्या होत्या. त्यांनी ट्रेची कड धरली.

"आज नगं वाळवू."

"का? काय झालं?"

"ह्ये साईच्या आबांचं बी हाय," मुक्ताई म्हणाल्या. "श्येवटचं. आता कुटंच न्हाई."

राजनंदिनीने ट्रे टेबलावर ठेवला. हातमोजे काढले. "आणि मी सगळं भिजवलं. आई, तुम्ही सांगितलं का नाहीत? एका शब्दाने सांगितलं असतंत तर मूठभर काढून ठेवलं नसतं मी?"

"म्येलेलं निघालं असतं, तर काय सांगनार व्हते तुला? मंग आबा दुसऱ्यांदा गेले असते. ते माझं मलाच झेपलं नसतं, तुला कशाला?"

हे ऐकून राजनंदिनी रागावली. खरोखरच रागावली. "मी त्यांना पाहिलेलं नाही म्हणून मला त्यांच्यातलं काहीच सांगायचं नाही, असं आहे का? साई आठवण काढतो, तुम्ही आठवण काढता, मी पेल्यात चव शोधत बसते. ती चव डोक्यावर लॉफ्टवर होती आणि मी शिरूरहून कणसं मागवते!"

मुक्ताई पुढे झाल्या. त्यांनी सुनेचा हात धरला. तेवढ्यात साईनाथ आला, दोघींची तोंडं बघून दारातच थांबला. राजनंदिनीनेच त्याला सांगितलं, चार वाक्यांत. त्याने ट्रेमध्ये हात घातला, दाणे उचलले, आणि त्याला रडू आलं. ते त्याने लपवलं नाही.

"पण पेरायचं कुठे?" डोळे पुसून तो म्हणाला.

तिघांनीही एकदमच बाहेर बघितलं.

"टेबलं उचल," राजनंदिनी म्हणाली.

"अगं, दिवाळी आलीये. वीकेंडची सगळी बुकिंग्ज आहेत. लोक बसतील कुठे?"

"उभे राहतील. मिसळीसाठी तास तास उभे राहतात की."

हिरवळ चटईसारखी गुंडाळून निघाली. खाली मुरूम लागेल असं साईनाथला वाटलं होतं. लागली काळी, भुसभुशीत माती. मुक्ताईंना नवल वाटलं नाही. इमारतीचा पाया खोदताना निघालेली वावराची माती बिल्डरने विहिरीतच ढकलली होती. त्यांनी सातव्या मजल्याचं स्वप्नसुद्धा पाहिलेलं नव्हतं तेव्हा, बांधावर उभं राहून ते बघितलं होतं. अख्ख्या वावराची वरची माती एका जागी जमा होती आणि तिच्यावर लोक बिअर पीत होते.

पण तुकडा तो केवढा! त्याला दोन मुठी बी पुष्कळ झालं. ट्रेमधून जाडजूड कोंभाचे दाणे तिघांनी बसून निवडले, आणि बाकीचा ढीग तसाच राहिला. राजनंदिनी त्याच्याकडे बघत होती. तिचा हात होत नव्हता.

"वाळव की आता," मुक्ताई म्हणाल्या. "दर साली आसंच असतंय. बी थोडंच ठेवायचं. बाकीचं खायाचंच असतंय. त्याला कशाला वाईट वाटून घेतीस?"

बोटाने भोक पाडायचं, दाणा ठेवायचा, माती लोटायची. पाभरीने कोंभ मोडले असते, ती नव्हती ते बरंच झालं. साईनाथची ओळ वाकडी गेली, राजनंदिनीची पट्टीने आखल्यासारखी. मुक्ताईंनी डाव्या मुठीत दाणे धरले होते आणि उजव्या हाताला एक एक सोडत होत्या. ओळ संपली तेव्हा त्यांनी सवयीने मागे वळून बघितलं. मागून कुणी काही म्हणणार नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्या थोडा वेळ थांबल्या.

दिवाळीत गिऱ्हाईक आलं आणि बघतं तर टेबलांच्या जागी वावर. राजनंदिनीने पाटी लावली: 'हे गवत नाही. ही ज्वारी आहे. हिच्यात बसू नये, सिगारेट विझवू नये, फोटोसाठी आत शिरू नये. बिअर उभ्यानेही पोटात जाते.' लोकांनी त्या पाटीचेच फोटो काढले. जोंधळा गुडघ्याला लागला, कमरेला लागला, मार्गशीर्षात निसवला, कणसं बाहेर पडली. बारा मजल्यांच्या बाल्कन्यांतून माणसं खाली वाकून बघायला लागली. वॉचमन येता-जाता पाणी घालायला लागला, त्याला कुणी सांगितलेलं नसताना. आणि दाणा भरायला लागल्यावर पोपट आले. पाच वर्षांत त्या भागात पोपट दिसला नव्हता. मुक्ताई ताट आणि पळी घेऊन राखणीला बसल्या. वाजवायच्या मात्र बेताने. अगदीच सगळे उडून जायला नकोत, असं त्यांना वाटायचं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, आगटी पेटली. त्या दिवशी 'मोट'मध्ये जो कुणी येईल त्याला हुरडा फुकट, असं साईनाथने जाहीर केलं होतं. माणसं पार्किंगपर्यंत उभी होती. लसणाची चटणी, दही, गूळ. ऑक्टोबरात वाळवलेल्या त्या ढिगाची बिअरही तयार होती. साईनाथला तिला आबांचं नाव द्यायचं होतं. मुक्ताईंनी हाणून पाडलं. "आबांचं नाव पेल्यावर नगं. वर्सातनं दोनदा घ्यायचे, दोन्ही येळंला पयलीच म्हनायचे, तेवढं पुरं हाय." मग तिचं नाव 'मूठ' ठेवलं. मुक्ताईंनी पेल्यात बोट बुडवून जिभेला लावलं, विचार केला, आणि आंबिलीसारखं लागतंय म्हणून निकाल दिला. राजनंदिनीला तेवढं प्रमाणपत्र बस झालं.

पण त्याआधी आगटीतलं पहिलं कणीस निघालं होतं. ते कुणी चोळायचं हे ठरलेलं नव्हतं. साईनाथ पुढे झाला, पण राजनंदिनीने ते आधीच उचललं. हाताला चटके बसत होते, तिने ते दोन तळव्यांत धरलं, जमेल तसं चोळलं, निम्मे दाणे खाली सांडले. फुंकर मारली तर फोलपटं स्वतःच्याच डोळ्यांत गेली. मग डोळे मिटलेलेच ठेवून तिने मूठ पुढे केली.

"आई, हात करा."

तिला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. मुक्ताईंनी साईकडे बघितलं. त्याने नकारार्थी मान हलवली. त्यानेही तिला सांगितलेलं नव्हतं. पाहुण्यांच्या आधी घरातल्या मोठ्या माणसाला द्यायचं, एवढंच त्या पोरीच्या मनात असणार. मुक्ताईंनी हात पुढे केला. गरम, हिरवे, गोवरीच्या धुराचा वास लागलेले दाणे तळहातावर पडले, आणि एवढ्या माणसांत, या वयात, त्या लाजल्या.

"तीच आहे का?" राजनंदिनीने विचारलं. "चव?"

मुक्ताई सावकाश चावत राहिल्या. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं होतं. "थोडी वेगळी हाय," त्या म्हणाल्या. "हिरीचं पानी न्हाई, टँकरचं हाय. पर हाय त्याचीच."

महिनाभराने उरलेली कणसं पक्की वाळली. त्यांतल्या काहींना लाल दोरा होता. तो कधी बांधला ते मुक्ताईंनी कुणाला सांगितलं नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं. राजनंदिनीने दाणे झोडपले, राख चोळली, पाला घातला. सगळं मुक्ताईंना एकदा विचारून, मग फोनवर लिहून घेऊन. लख्ख घासलेला डबा पुन्हा भरला. ती झाकण लावायला लागली तेव्हा मुक्ताईंनी तिचा हात थांबवला आणि डब्यातून एक मूठ बाहेर काढली.

"ही कशाला?"

मुक्ताईंनी दाणे पदराच्या टोकाला बांधले आणि गाठ ओढून बघितली.

"घटाला," त्या म्हणाल्या. "औंदा बाजारचं आनायचं न्हाई."